वानखडे आणि उत्तरेचा रस्ता

स्वातीचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर उन्हात संत्रं सोलत बसलो होतो.

“पापा नहीं रहे, अंकल.”

“कधी गं?” मी विचारलं.

पहाटे, झोपेतच, असं तिनं हिंदीतून सांगितलं. तिला मराठी सगळं कळतं. पण तिचा जन्म लखनौच्या रेल्वे कॉलनीतला आणि शाळा अलीगंजमधली, त्यामुळे रडायची वेळ आली तरी ती हिंदीतच रडणार. फोन ठेवून मी बायकोला, सुधाला, सांगायला खाली निघालो आणि जिन्यातच थांबलो. वानखडे गेले. एवढे दोनच शब्द होते, पण ते मोठ्यानं म्हणायची माझी तयारी होईना.

दत्तात्रय वानखडे रेल्वेत पुलांचे इंजिनियर होते. मूळचे अकोल्याकडचे. मी साताऱ्याचा, इथल्या एका संशोधन संस्थेत वनस्पतींवर काम करायला आलो आणि राहून गेलो. लखनौत मराठी माणसं एकमेकांना सापडतात ती गणपतीत. आमची ओळखही तिथलीच. मंडपाचा एक बांबू डुगडुगत होता. आरती सुरू झालेली, सगळे टाळ्या वाजवताहेत, आणि एक धिप्पाड, टकले गृहस्थ खिशातून सुतळी काढून तो बांबू आरतीच्या तालावर बांधताहेत. मी शेजारी होतो म्हणून सुतळीचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं.

“धरून ठेवा जी. सोडाल तर बाप्पा अंगावर येतील.”

पुढे कित्येक वर्षं मी त्यांच्या कुठल्या ना कुठल्या दोरीचं टोक धरून उभा होतो. आमच्या कूलरचं स्टँड, गच्चीवरची टाकी, सुधाच्या कारल्याचा मांडव, सगळं त्यांनी बांधलं. खिशात सुतळी नसलेले वानखडे मी पाहिलेच नाहीत. दुसरी सवय पुलांची. कुठलाही पूल आला की हा माणूस गाडी थांबवायचा, उतरायचा आणि पायी पलीकडे जाऊन यायचा. “गाडीतून पूल समजत नाही, काळेसाहेब. पायाला समजतो.” तोवर बरोबरच्यांनी खोळंबायचं. मंदावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, विणकाम बरोबर ठेवायच्या ते त्यासाठीच.

बोलायचे मात्र फार गमतीदार. लखनौच्या हवेत त्यांच्या हिंदीला अदब चढली होती, पण वऱ्हाडी गळा काही सुटला नव्हता. भाजीवाल्याला “भैया, ज़रा आपको तकलीफ़ देंगे” म्हणायचे ते अशा दणदणीत आवाजात की तो बिचारा दचकायचा. आणि कुठलीही अडचण आली, नळ फुटो की लग्न मोडो, त्यांचं म्हणणं एकच: “आधी चहा, मग निर्णय.” आम्ही एकमेकांना शेवटपर्यंत ‘तुम्ही’च म्हणत आलो. एकच प्रसंग सोडला तर.

नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एक काळी, वजनदार मोटारसायकल घेतली होती. तिला ते फटफटी म्हणत. निवृत्तीनंतर अलीगंजमध्ये घर घेतलं, तिथं शेजारी मिश्राजी नावाचे म्हातारे मास्तर राहत. पहिल्याच आठवड्यात मिश्राजी हात जोडून आले. सकाळी पूजेला बसलं की ह्या आवाजानं मंत्र विसरायला होतो, म्हणाले. वानखड्यांनी त्यांना चहा पाजला. दुसऱ्या दिवसापासून ते फटफटी ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत न्यायचे आणि तिथं किक मारायचे. रोज. मध्ये एकदा त्यांना ताप आला, तर तिसऱ्या दिवशी मिश्राजी दारात हजर. “आज भी गाड़ी नहीं निकली, इंजीनियर साहब? सब ख़ैरियत?” म्हणजे कान तिकडेच असायचा.

आता त्यांच्या मनातली गोष्ट सांगतो. ती मला फार उशिरा कळली.

वानखड्यांनी सगळं आयुष्य उत्तरेत काढलं, पण त्यांच्या सगळ्या सुट्ट्या दक्षिणेला गेल्या. आम्हा सगळ्यांच्याच गेल्या म्हणा. रजा मिळाली की चारबाग स्टेशन, चारबागहून गाडी, आणि गावी. आईचं आजारपण, बहिणीचं लग्न, भावाची वास्तुशांत, काकांचा तेरावा. लखनौहून हिमालय तो काय लांब! आमच्या संस्थेतले बंगाली दुर्गापूजेच्या सुट्टीत जाऊन यायचे. आम्ही मराठी माणसं तेवढ्या दिवसांत गावाकडच्या पाहुण्यांच्या पाया पडून परत यायचो.

गावाकडे वानखड्यांच्या आईला वाटे की लखनौ म्हणजे हिमालयाच्या पायथ्याशीच आहे. मुलगा घरी आला की तिचा पहिला प्रश्न, “बरफाचा डोंगर पाह्यला का रे दत्ता?” एक-दोन वर्षं ते “नाही पाहिला” म्हणाले. म्हातारीचं तोंड उतरायचं. मग एका वर्षी ते म्हणाले, “हाव, पाहिला.”

“कसा हाये?”

“मोठा आहे. पांढरा आहे.”

“अन् थंड?”

“थंड तर असणारच ना, आई.”

पुढे दरवर्षी ती विचारायची आणि हे दरवर्षी डोंगराला काहीतरी नवीन जोडायचे. सकाळी गुलाबी दिसतो, संध्याकाळी पिवळा. आई साऱ्या आळीला सांगत फिरायची. ती गेली तेव्हा हे गंगेच्या पुलाच्या कामावर होते, पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

हे त्यांनी मला सांगितलं ते मलिहाबादच्या आमराईत, चटईवर बसून. तिथं आम्ही कसे पोचलो तेही सांगायला हवं. मी निवृत्त झालो त्या उन्हाळ्यात ते घरी आले, चहा झाला, आणि म्हणाले, “काळेसाहेब, पंचचूली पाहायचं आहे, बर्फाची पाच शिखरं. मुन्स्यारीला. फटफटीवर जायचं, तंबूत राहायचं. मागची सीट तुमची.”

“ह्या वयात तंबू?” सुधा म्हणाली.

“वहिनी, ह्याच वयात. आता कोणाचं लग्न नाही, कोणाचा तेरावा नाही.”

जायचं ऑक्टोबरात ठरलं. त्याआधी रंगीत तालीम म्हणून एक मुक्काम मलिहाबादला. माझ्या ओळखीच्या एका खाँसाहेबांची बाग होती, पण निरोप द्यायचा राहिला. दशहरी आंब्याचा ऐन हंगाम. संध्याकाळी दोन म्हातारे फळांनी लगडलेल्या झाडाखाली खुंट्या ठोकताहेत हे पाहून राखणदार काठ्या घेऊन धावत आले. वानखडे तंबूत अर्धे आत, अर्धे बाहेर. तसेच ओणवे राहून त्यांनी डोकं काढलं आणि अत्यंत अदबीनं म्हणाले, “आइए, तशरीफ़ रखिए. चाय बन ही रही है.” राखणदार इतके गोंधळले की खरंच बसले. थोड्या वेळानं खाँसाहेब आले, मला ओळखलं, आणि आंब्यांची एक बादली गार पाण्यात बुडवून समोर ठेवली. त्या आंब्यांवरून आईचा विषय निघाला. सांगून झाल्यावर वानखडे बराच वेळ कोय चोखत राहिले. मग म्हणाले, “खोटं बोललो त्याचं काही नाही. पण ते खरं करून टाकायचं राहिलं ना जी.”

ऑक्टोबरात निघालो. सीतापूर, पिलीभीत, टनकपूर. माझ्या बाजूनं त्या प्रवासाचं वर्णन करायचं तर मी वानखड्यांची पाठ पाहिली. रुंद, खाकी जर्किनातली, घामाचा नकाशा उमटलेली पाठ. पण पाठीवरूनही माणूस कळतो. समोर ट्रक अंगावर आला की ती जराही ताठ व्हायची नाही. पूल जवळ आला की मात्र दोन्ही खांदे वर यायचे, आणि मी समजायचो, आता उतरायचं. शारदेचा पूल त्यांनी पायी ओलांडला, परत आले आणि म्हणाले, “चांगला आहे. बनवणाऱ्यानं मन लावलं.” जणू त्या इंजिनियरच्या आईवडिलांना निरोप द्यायचा होता.

लोहाघाटला देवदारांखाली मुक्काम केला. तंबूच्या दोऱ्यांना मी मारलेल्या गाठी ते माझ्यासमोर कधी सोडत नसत. मी दात घासायला गेलो की हळूच सोडून पुन्हा मारायचे. मला ते माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत असावं. दिवसभर उत्तरेकडे ढग. टपरीवरचे लोक म्हणायचे, आजच नाही दिसत, नाहीतर इथूनसुद्धा सगळी रांग दिसते. वानखड्यांना त्याचं काही नव्हतं. “बरं आहे. लांबून चोरून पाहायचं नाही. समोर जाऊन पाहू.”

पिथौरागढ मागं पडलं, थल आलं, नाचनी आली. रस्ता रामगंगेच्या काठानं गेला आणि मग वर चढू लागला. बिर्थीच्या धबधब्याच्या अलीकडे एका शेताच्या तुकड्यावर आम्ही तंबू ठोकला. पुढे फक्त एक खिंड, आणि खिंडीच्या माथ्यावरूनच पंचचूली दिसतं, असं सगळे सांगत होते. त्या संध्याकाळी वानखडे गात होते. त्यांना गाता येत नसे.

सकाळी उठलो तर आभाळ धुऊन काढल्यासारखं निळं. सगळ्या प्रवासातली ती पहिली स्वच्छ सकाळ. मी तंबूची खुंटी उपटायला वाकलो आणि ती निघेना. म्हणजे खुंटी नेहमीसारखीच होती, माझ्यातच जोर नव्हता. त्या थंडीत मला घाम फुटला होता.

वानखडे स्टोव्ह पेटवत होते. त्यांनी मान वर केली.

“काय होऊन राहिलं?”

“काही नाही. पित्त झालंय.”

“डावा हात दुखते काय?”

“थोडा.”

त्यांनी स्टोव्ह बंद केला. त्या सकाळी चहा झाला नाही. “बसा इथं,” ते म्हणाले. “मी वर टपरीवर रस्त्याचं विचारून येतो.”

“वानखडे, इथवर आलोय,” मी म्हणालो. “मी मागं नुसता बसून राहीन. तासाभराचं तर आहे. वर जाऊनच येऊ, मग बघू पित्ताचं.” मी मनापासून म्हणत होतो. ह्या माणसाला खिंडीपर्यंत न नेता परत फिरवायचं माझ्यानं झालं नसतं.

“हाव ना, जाऊच. विचारून तर येऊ द्या.”

ते वळणामागं दिसेनासे झाले. परत आले तेव्हा झपाझप चालत होते.

“रस्ता बंद आहे. वर दरड कोसळली. परवापर्यंत उघडत नाही म्हणतात.”

“मग इथंच थांबू.”

तेव्हा ते माझ्यासमोर उकिडवे बसले, माझ्या जर्किनाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाले, “ए, उठ. मागं बस. काही बोलू नको, नुसता मले धरून ठेव.”

त्यांनी तंबूची एक दोरी सोडली आणि आम्हा दोघांच्या कमरेभोवती आवळून बांधली, मी पडू नये म्हणून. तंबू, भांडी, स्टोव्ह सगळं तसंच टाकलं. नाचनीपर्यंतचा तो उतार मला नीटसा आठवत नाही. माझा गाल त्यांच्या पाठीवर होता, आणि वाटेतल्या एकाही पुलावर गाडी थांबली नाही, एवढं आठवतं. नाचनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जिभेखाली गोळी ठेवली आणि जीपमध्ये आडवं करून मला पिथौरागढला धाडलं. जीपच्या मागच्या काचेतून फटफटी दिसत होती. वळणावर नाहीशी व्हायची, पुन्हा यायची.

हृदयविकाराचा झटकाच होता. वेळेवर आलात, असं तिथले डॉक्टर म्हणाले. सुधा आणि आमचे जावई गाडी घेऊन आले, मला लखनौला आणलं, पुढचे उपचार झाले. वानखडे एकटे परत आले. भेटायला आले तेव्हा पहिलं वाक्य, “तंबू गेला जी. नवीन घेऊ. पुढच्या ऑक्टोबरात जाऊ.” मी दुवा देत होतो त्या कोसळलेल्या दरडीला. ती पडली नसती तर मी हट्टानं वर गेलो असतो आणि तिथंच आटोपलो असतो, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो. वानखडे शेजारी बसून मान डोलवायचे.

पुढचा ऑक्टोबर आला तेव्हा स्वातीच्या बाळंतपणासाठी ते दोघं पुण्याला होते. त्याच्या पुढच्या वर्षी मंदावहिनींचे गुडघे. मग एके दिवशी फटफटीवरून जाताना अलीगंजच्या बाजारात डाव्या हाताला उभा असलेला फळांचा ठेला त्यांना दिसलाच नाही. पपया रस्त्यावर घरंगळल्या. ठेलेवाला यांना सांगतोय, ग़लती हमारी थी, आणि हे त्याला सांगताहेत, नहीं साहब, हमारी. लागलं नाही कोणालाच. पण महिन्याभरात तसंच पुन्हा झालं, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. काचबिंदू. कडेची नजर गेलेली होती आणि ती परत येणार नव्हती. समोरचं तेवढं दिसायचं, नळीतून पाहावं तसं.

मी म्हणालो, “टॅक्सी करू. मी, तुम्ही, दोघी बायका. सावकाश जाऊ.”

“पाहू,” ते म्हणाले. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, “अर्धा डोंगर पाहून काय करू, काळेसाहेब?” आणि चहा टाकायला उठून गेले. मी तिसऱ्यांदा विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता रोज वाटतं. पाठीला दोरी बांधून न्यायला हवं होतं.

फटफटी अमीनाबादच्या एका मेकॅनिकनं घेतली. तो न्यायला आला तेव्हा वानखडे ती स्वतः ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत घेऊन गेले आणि तिथं त्याच्या हातात दिली. मिश्राजींना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

मग स्वातीनं हट्ट धरला. “पापा, यहाँ कौन देखेगा आपको? पुणे चलिए.” ती येऊन बसली, आणि घर आवरायला निघालं. मी आणि सुधा मदतीला गेलो होतो. मंदावहिनी भांडी कागदात गुंडाळत होत्या. मी त्या प्रवासाबद्दल काहीतरी बोललो, नेहमीचंच, दरडीनं जीव वाचवला वगैरे. त्यांचे हात थांबले.

“भाऊजी, सांगू नका म्हणले होते. पण आता आम्ही चाललोच.” त्यांनी दाराकडे पाहिलं. वानखडे बाहेर टेम्पोवाल्याला गाठी शिकवत होते. “दरडबिरड काही नव्हती. टपरीवाला म्हणला रस्ता मोकळा आहे, मजेत जा. रस्ता उघडा आहे म्हणलं तर तुम्ही ऐकले नसते.”

मी कागद गुंडाळत राहिलो. एका पेल्याला किती कागद लावला, मला भान नव्हतं.

ते निघाले त्या दिवशी आम्ही चारबागला गेलो. दुपारची वेळ, फलाटावर ही गर्दी. स्वाती हमालांशी बोलत होती, वहिनी आणि सुधा एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. मी वानखड्यांना बाजूला घेतलं.

“रस्ता बंद नव्हता ना?”

त्यांनी मला शोधायला मान वळवली; समोर आणल्याशिवाय त्यांना कोणी दिसत नसे. मग हसले. “मंदीनं सांगितलं? तिच्या पोटात काही राहत नाही.”

“वानखडे, तुम्ही—”

“जाऊ द्या जी. काही हुकलं नाही. टपरीच्या पुढं थोडा चालत गेलो होतो. एक वळण होतं, तिथून दिसलं थोडं.”

“काय दिसलं?”

“एक टोक. एवढं.” त्यांनी अंगठा आणि बोट यांच्यात सुपारीएवढी जागा दाखवली. “पांढरं होतं. उन्हात होतं.”

बिर्थीच्या त्या वळणावरून काही दिसतं की नाही, हे मी नंतर अनेकांना विचारलं. कोणी हो म्हणतं, कोणी नाही. मी स्वतः जाऊन पाहिलेलं नाही आणि आता डॉक्टर जाऊ देणार नाहीत.

गाडीची वेळ झाली. स्वातीनं त्यांना हात धरून डब्यात चढवलं आणि खिडकीशी बसवलं. वातानुकूलित डब्याची ती काळसर काच. आतून त्यांनी ती हातरुमालानं पुसली, आणि आम्हाला शोधायला डोकं डावीकडून उजवीकडे फिरवू लागले. मी हात हलवत होतो. सुधाही हलवत होती. त्यांची नजर आमच्यावरून सरकत पुढं गेली आणि एका ठिकाणी थांबली. त्यांचा चेहरा उजळला. गाडी हलली तसा त्यांनी हात उंच करून हलवला, जोरजोरात, आमच्यापासून दोन माणसं पलीकडे उभ्या असलेल्या एका हमालाकडे पाहून.

हमालानं इकडंतिकडं पाहिलं. मग डोक्यावरचं ओझं एका हातानं सावरलं, दुसरा हात वर केला, आणि डबा दिसेनासा होईपर्यंत तो हलवत राहिला.